चिखलाइतकं स्वच्छ, अक्का

अन्याय मनीषावर झाला. गेल्या रविवारी, सकाळी नऊला, चाळीसगावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीच्या दारात. ती दर रविवारसारखी खडूचा डबा घेऊन वर्ग घ्यायला आली आणि दाराला नवं कुलूप होतं.

बघा अक्का, पहिल्याच ओळीत लिहिलं. कोणावर, केव्हा, कुठे. तुम्ही असत्या तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या असत्या, "अगं बाई, पत्रकवाली सुधारली!" तुम्हाला जाऊन अजून दोन आठवडे झाले नाहीत आणि मी तुमचं ऐकायला लागले. जिवंतपणी ऐकलं असतं तर तुम्हाला कोणी ओरडायला उरलं नसतं, म्हणून ऐकलं नाही, असं समजा.

कुलपाच्या आदल्या संध्याकाळी तुमची शोकसभा होती. त्याच वाचनालयात, पुढच्या दालनात. फोटोला मोगऱ्याचा हार, तुमचा तो पासपोर्टचा फोटो मोठा केलेला, ज्यात तुम्ही फोटोग्राफरला वाक्य दुरुस्त करायला सांगताय असं वाटतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. पहिले वक्ते उठले आणि म्हणाले, "अक्कांची ओळख करून देण्याची गरजच नाही." दुसरे म्हणाले, "त्यांचं कार्य सर्वश्रुत आहे." तिसऱ्यांनी डोळे पुसले, ते म्हणाले, "अक्का काय होत्या ते आपण सगळे जाणतोच," आणि खाली बसले. खोटं रडत नव्हतं कोणी. पण तासभर भाषणं झाली आणि तुम्ही काय केलंत ते एकानंही सांगितलं नाही. शेवटी माईकवाला वायर गुंडाळता गुंडाळता माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, ह्या बाई करायच्या काय?"

अक्का, मी हसले. शोकसभेत. लोकांनी वळून पाहिलं. मला तुमचा आवाज ऐकू आला होता, धुळ्याच्या हेलात, तिन्ही शब्दांवर जोर देऊन: "क्लिअर ॲज मड!"

म्हणून आता सांगते, त्या माईकवाल्यासाठी. तुम्ही धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलंत, निवृत्त झालात आणि चाळीसगावला येऊन राहिलात. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलींना फुकट इंग्रजी शिकवलंत. मुलाखतीला जाताना जिची बोबडी वळते तिला तुम्ही बोलायला लावायच्या. आणि राहिलेल्या वेळात माझ्या पत्रकांची चिरफाड करायच्या. माईकवाले दादा, एवढं करायच्या त्या.

*

तुमच्या वर्गात मी पहिल्यांदा आले ती इंग्रजी शिकायला नव्हे, आमच्या चळवळीच्या गटाची पत्रकं वाटायला. फळ्यावर तुम्ही इंग्रजी वाक्प्रचार लिहिले होते. सगळे एकाच घरातले, म्हणालात तुम्ही, सगळे 'हे तर उघड आहे' सांगणारे. मला वाटलं, या मुलींना नोकरी हवीय आणि ह्या बाई त्यांना गमतीजमती शिकवतायत. मी दारातच थांबले.

'प्लेन ॲज द नोज ऑन युअर फेस.' चेहऱ्यावरच्या नाकाइतकं उघड. तुम्ही सगळ्यांना म्हणालात, "बघा बरं आपापलं नाक." अख्ख्या वर्गाचे डोळे तिरळे झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी तर तोल जाऊन शेजारणीवर पडली. "दिसलं? नाही ना? शेजारणीचं दिसतंय. स्वतःचं नाक बघायला आरसा लागतो, आणि हे येडे म्हणतात याच्याइतकं उघड काही नाही!"

मग 'एलिफंट इन द रूम'. खोलीत हत्ती उभा आहे, सगळ्यांना दिसतोय, आणि कोणी त्याचं नावच काढत नाही. मघाशी पडलेली मुलगी उठून उभी राहिली आणि तिनं तिच्या बोलीत विचारलं, "अक्का, पन हत्ती दारमातून घुसना कसा?"

वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. तिच्याकडे बघत म्हणालात, "पिल्लू असताना घुसला, माय. तेव्हाच कोणीतरी बोलायला पाहिजे होतं."

ती मनीषा. तिची आई भाजीबाजारात बसते, ती पहाटे आईबरोबर गाडीनं यायची, आधी भाजी मांडायची आणि मग वर्गाला यायची. मी त्या दिवशी पत्रकं वाटायची विसरले. मागच्या बाकावर मनीषाशेजारी बसले ते बसलेच.

आणि शेवटी तो तुमचा लाडका. 'क्लिअर ॲज मड.' चिखलाइतकं स्वच्छ. समोरच्याचं बोलणं अजिबात कळलं नाही की इंग्रज सभ्यपणे असं म्हणतो. "शिवी न देता अपमान कसा करायचा हे त्यांच्याकडून शिका," तुम्ही म्हणालात. माझं पत्रक हातात घेतलंत, वर्गासमोर मोठ्यानं वाचलंत, आणि बत्तीस दात दाखवून माझ्याकडे बघितलंत. तुम्ही बोलायची गरज नव्हती, मनीषाच बोलली. फळ्याकडे बोट दाखवून.

त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता अक्का, की पुढच्या रविवारी मी परत आले.

*

मग ती कडीची गोष्ट. ही तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, तर आता मीच सांगून टाकते.

धुळ्यातल्या एका खासगी वसतिगृहात मुलींच्या मोरीला आतून कडी नव्हती. मुली आळीपाळीनं बाहेर उभ्या राहून पहारा द्यायच्या. आमच्या गटानं ठरवलं, धडक द्यायची. रक्त तापलेलं होतं. दोन्ही बाजूंनी गच्च छापलेलं पत्रक काढलं. तुम्ही धुळ्यातच होतात, भावाकडे. म्हणालात, मीही येते, मला गंमत बघायची आहे. आम्ही घोषणा देत आत गेलो. रेक्टरबाईंनी पत्रक घेतलं, शांतपणे सगळं वाचलं, उलटून मागची बाजू वाचली, परत पुढची वाचली आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय. पण तुम्हाला पाहिजे काय?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. पत्रकात पितृसत्ता होती, बाजारव्यवस्था होती, शिक्षणाचं खासगीकरण होतं, 'या परिस्थितीला जबाबदार कोण हे उघड आहे' असं तर ठळक अक्षरात होतं. कडी नव्हती. कुठेच नव्हती. लिहिणाऱ्या आम्ही सगळ्या तिथं राहून आलेल्या, कडीचंच तर चाललंय हे सगळ्यांना ठाऊक, मग लिहायचं कशाला?

मागून तुमचा आवाज आला, "पोरींनो, मागणी चाळीसगावलाच विसरलात वाटतं!" रेक्टरबाई हसल्या, मुली हसल्या, आम्हीही नाइलाजानं. मग तुम्ही पदर खोचून पुढे आलात आणि रेक्टरबाईंच्याच टेबलावरचं पेन उचलून पत्रकाच्या तळाशी लिहिलंत: मोरीला आतून कडी लावा. त्याच संध्याकाळी सुतार आला.

परतीच्या प्रवासात मी रागानं तोंड फुगवून बसले होते. तुम्ही कागदातून भरीत-भाकरी काढलीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेलात बुडालेलं हिरव्या वांग्याचं भरीत, आणि पहिला घास माझ्या पुढे धरून म्हणालात, "काय वं, इतली काबर तपनी? कडी लागली ना?"

"लागली. पण लोक आता म्हणतील, एवढंसं तर होतं, एवढा आरडाओरडा कशाला केला."

"म्हणू दे. पोरी आंघोळ तर करतील निवांत."

*

पण आपलं भांडण मिटलं नाही, अक्का, ते मी मिटवून टाकणार नाही तुम्ही गेलात म्हणून. तुम्ही माझ्या पत्रकांत 'उघड आहे', 'अर्थातच', 'सांगायला नको' दिसलं की पेन्सिलनं गोल करायच्या आणि शेजारी लिहायच्या, 'कोणाला?' एका पत्रकात इतके गोल झाले होते की ते जिलबीवाल्याच्या कढईसारखं दिसत होतं. मी भडकून म्हटलं होतं, "ज्याला लागलंय त्यानंच दर वेळी समजावून का सांगायचं? कडी नाही हे रेक्टरबाईंना दिसत नव्हतं? त्या रोज त्या मोरीवरून जायच्या. त्यांना दिसत होतं. त्यांना बघायचं नव्हतं. मग मुलींनीच का जाऊन, हात जोडून, मराठीत आणि इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात त्यांना त्यांचं काम सांगायचं?"

तुम्ही पेन्सिल खाली ठेवली होतीत. माझ्यासमोर तुम्ही पेन्सिल खाली ठेवल्याची ती एकच वेळ. मग म्हणालात, "तू म्हणतेस ते खरं आहे. दमायला होतं. पण आपण नाही सांगितलं ना, तर ते आपल्या वतीनं सांगतात. आणि त्यांचं तेच उघड होऊन बसतं."

मला ते पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही. अर्धी मी अजून माझ्याच बाजूला आहे.

तुमच्या बाजूला मी जरा सरकले ती कानबाईच्या गोष्टीनं. श्रावणात तुम्ही कानबाई देवीच्या सणाला धुळ्याला भावाकडे जायच्या. तुमच्या भावकीत रोटासाठी सुपात गहू घ्यायचे ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं, सव्वा सव्वा मूठ. भावाची मूठ, भाच्यांची मूठ, पाळण्यातल्या नातवाचीसुद्धा मूठ. मग त्या पिठाचे जाड रोट भाजायचे आणि सगळ्या भावकीनं बसून खायचे. त्या भावाला लहानाचं मोठं तुम्ही केलेलं, त्याचं इंग्रजीही तुमचंच. एका वर्षी तुम्ही सुपाशी बसून विचारलंत, "आणि माझी मूठ?"

भाऊ प्रेमानं हसला. "तुनी कसानी मूठ, अक्का? तू ते धरेलच शे."

"कोठे धरेल शे?" तुम्ही म्हणालात. "दखाड माले."

सूप समोर होतं, 'धरलेली' तुमची मूठ त्यात कुठेच नव्हती. दाखवणार काय? तुम्ही पोत्यात हात घातलात, आपली सव्वा मूठ काढलीत आणि गव्हात टाकलीत. वहिनी तेवढी पदराआड फिसकन हसली. पुढच्या वर्षी म्हणे तुमच्या पाठोपाठ तिनंही आपली टाकली, आणि तिच्या मागून सुनेनं.

मी उडालेच होते. "अक्का, ही क्रांती आहे! मी पत्रक काढते."

"खबरदार," तुम्ही म्हणालात. "मला रोट खायचा होता. एवढंच."

*

आता तुमच्यावरचा राग. हो, आहे. तुम्ही गेलात म्हणून तो गिळणार नाही.

शेवटच्या कित्येक महिन्यांत तुम्हाला उभं राहवत नव्हतं. तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात आरामखुर्चीत बसायच्या, शाल पायांवर, आणि वर्ग मनीषा घ्यायची. आधी नुसती फळ्यावर लिहायची. मग एका रविवारी तुम्ही खडूचा डबाच तिच्या हातात दिलात, बरोबर घरी न्यायला. तिच्या वर्गात आवाज जास्त असायचा, हसू जास्त असायचं. हत्तीचं तर ती नाटकच करायची, एका मुलीला हत्ती करून मध्ये उभं करायची आणि बाकीच्यांनी तिच्या भोवती फिरत हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, इंग्रजीत. तुम्ही कोपऱ्यात शालीत तोंड घालून हसायच्या. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पाहिलंय. ते मी कोणत्याही पत्रकात लिहू शकणार नाही.

शेवटच्या भेटीत मी म्हटलं होतं, "अक्का, नानांना सांगून टाका ना एकदा, की तुमच्यानंतर वर्ग मनीषा घेईल." नाना म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, तुमचे जुने स्नेही, खोलीची चावी त्यांची.

आणि तुम्ही काय म्हणालात? तुम्ही, पेन्सिलवाल्या अक्का? म्हणालात, "सगळ्यांना दिसतंय की. सांगायला पाहिजे का?"

मी उडी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सापडल्या होत्या तुम्ही. "कोणाला दिसतंय? क्लिअर ॲज मड, अक्का!" तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. मी पाणी दिलं. म्हणालात, "सांगते. पुढच्या रविवारी सांगते." मग विषय निघाला भरताच्या वांग्यांचा, या वर्षी कोणाकडून मागवायची, आणि मी घरी आले. पुढच्या रविवारच्या आत तुम्ही धुळ्याला भावाकडे गेलात, आणि तिथेच, दुपारी झोपेत.

हरवलं मी तुम्हाला त्या दिवशी, अक्का. जिंकण्यासारखं नव्हतं ते.

*

तर तो कुलपाचा रविवार. मनीषा दारात, हातात डबा. लहान मुली ओट्यावर बसलेल्या. मी नानांना फोन करून बोलावलं. ते आले, डोळे सुजलेले, शोकसभेतलाच सदरा अंगात.

"नाना, कुलूप कशाला?"

"खुर्च्या आहेत ना बेटा आत. कालच्या. ठेवायच्या कुठे?"

अक्का, तुमच्या शोकसभेच्या खुर्च्या तुमच्या खोलीत रचल्यात. छतापर्यंत. खिडकीतून बघितलं मी, फळा दिसत नाही.

"आणि वर्ग?"

"अक्काच नही, ते वर्ग कसाना?" नाना कुलपाकडे बघत म्हणाले. "हाई ते उघडच शे ना, बेटा."

मनीषा म्हणाली, "नाना, मी घेते ना. मीच तर घेत होते."

"तू त्यांची विद्यार्थिनी ना, माय? त्यांनी तसं सांगितलं होतं का कोणाला?"

"डबा माझ्याकडे दिला होता."

"डबा कोणाकडेही देतात, बेटा."

मग मी सुरू झाले. दडपशाही म्हटलं, संस्थांची मालकी म्हटलं, स्त्रीशिक्षणाचा गळा म्हटलं. नाना ऐकत होते. त्यांना ऐकू कमी येतं हे तुम्हाला माहीत आहेच. माझं संपल्यावर ते मायेनं म्हणाले, "बरोबर आहे बेटा. चहा घेशील?"

वाईट माणूस नाहीत ते. त्यांना वर्ग बंद होणं इतकं उघड दिसतंय, जितकं मला तो चालू राहणं उघड दिसतंय. दोघांनाही दिसतंय आणि दोघांचंही नाक आपापल्या चेहऱ्यावर.

मनीषानं मुलींना घरी पाठवलं. आम्ही दोघी भाजीबाजारात जाऊन तिच्या आईशेजारी बसलो. मेथीची जुडी सोडवता सोडवता ती म्हणाली, "ताई, त्यांचंही बरोबरच आहे. मला तरी कोणी सांगितलंय, की तू शिकव म्हणून?"

ते ऐकलं आणि अक्का, आपल्या भांडणातली माझी अर्धी बाजू अजून जरा कमी झाली. तिला नोकरी गेल्याचं दुःख नव्हतं, नोकरी नव्हतीच ती. तुमच्या मनात आपण होतो का, हेच तिला आता नक्की ठाऊक नाही. शिकवणारी झालेली मुलगी एका सकाळीत पुन्हा भाजीवालीची मुलगी होऊन बसली, आणि 'माझीही मूठ तुम्ही धरली होती' हे दाखवायला तिच्याकडे सूप नाही.

म्हणून मी सांगते. माझ्या तोंडून, माझ्या जबाबदारीवर: मनीषा, अक्कांना वर्ग तुझ्याच हाती द्यायचा होता. त्यांनी मला 'सांगते' म्हटलं होतं. सांगायचं राहिलं. ते राहिलं ही त्यांची चूक, तुझी नाही.

चूक म्हटलं म्हणून रागावू नका, अक्का. तुम्ही माझ्या कित्येक माफ केल्यात. आणि थांबा जरा, आता मला वाचणाऱ्यांशी बोलायचंय. तुम्ही ऐका, पेन्सिल घेऊन.

हे वाचणाऱ्यांनो. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या खोलीत तिरळ्या डोळ्यांनी आपलं नाक शोधून गेल्यात. कोणी आता नाशिकला आहे, कोणी पुण्याला, कोणी इथेच पाचोऱ्याला. हळहळून झालं असेल तर उठा. येत्या रविवारी सकाळी नऊला वाचनालयाच्या मागच्या दाराशी या. नाना कुलूप काढतील, खुर्च्या काढायच्या म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं एक खुर्ची उचलायची आणि पुढच्या दालनात नेऊन ठेवायची, फळा दिसेपर्यंत. मग नानांसमोर उभं राहायचं. मान डोलवायची नाही, 'आपल्याला माहीतच आहे' म्हणायचं नाही, माझ्यासारखं भाषण तर मुळीच ठोकायचं नाही. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्यानं, एकेकानं, हे पूर्ण वाक्य म्हणायचं:

नाना, वर्ग मनीषा घेईल. चावी तिच्या हातात द्या.